पंचफुला हटवार, वय एकसष्ट

अम्माला खोकल्याची उबळ आली तेव्हा मी हेअर ड्रायर सुरू केला.

फाटकाशी महापालिकेच्या दोन बाया उभ्या होत्या. एकीच्या हातात ताप मोजायची बंदूक, दुसरीच्या हातात मोबाईल. मी दारात उभी राहून कोरडे केस वाळवत होते आणि पार्लरमध्ये नव्या गिऱ्हाइकाला दाखवते तसलं हसू चेहऱ्यावर ठेवलं होतं.

"अहो ताई, ते बंद करा ना. काही ऐकूच नाही येऊन राहिलं," बंदूकवाली म्हणाली.

"ओल्या केसांनी सर्दी होते हो. विचारा तुम्ही, मी ऐकून राहिली."

"सर्दी आहे?" तिने लगेच पकडलं.

"नाही. होऊ नये म्हणून."

"घरात कोण कोण?"

"मी, नवरा अन् बाळ. बस."

"म्हातारं माणूस कोणी? बाहेरगावाहून आलेलं?"

"नाही बाप्पा. आजकाल कोण येते कोणाकडे!"

मोबाईलवाली बाई अंगणातल्या दोरीकडे बघत होती. दोरीवर अम्माचा सलवार-कमीज वाळत होता. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

"हा कोणाचा?"

"माझाच. बाळंतपणानंतरचा."

तिने मला खालून वर पाहिलं, मग मोबाईलवर काहीतरी टिपलं. त्या पुढच्या घराकडे वळेपर्यंत मी ड्रायर बंद केला नाही. आत गेले तेव्हा अम्मा मोरीत उकिडवी बसली होती, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज म्हणून बाहेर येऊ दिला नव्हता.

अम्मा म्हणजे माझी सासू, भगवंती. सिंधमधल्या घोटकीची. नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन ती इकडे आली. थोरला दिलीप इंदूरला राहिला, धाकटा हरेश नागपूरला आला, आणि जरीपटक्यातल्या एका कापडाच्या दुकानात ब्लाऊजपीस दाखवता दाखवता माझ्या वाट्याला आला. त्याचं मराठी आमच्या गल्लीतल्या पोरांपेक्षा चांगलं होतं. बाबांनी वर्षभर आदळआपट केली, शेवटी म्हणाले, "पाकिस्तानचा आहे पण दारू तर पीत नाही." झालं लग्न.

पण लग्न झालं म्हणून माणूस इथला होत नाही. हरेश, दिलीप, अम्मा, तिघांच्याही नावावर तिकडचे पासपोर्ट आणि इकडचा लांब मुदतीचा व्हिसा. ज्या शहरात नोंद आहे तिथेच राहायचं; दुसऱ्या गावी जायचं तर आधी पोलिसांची परवानगी काढायची. अम्माची नोंद इंदूरची. आमचं बाळ झालं तेव्हा दिलीपने तिच्यासाठी अर्ज केला. उत्तर काही येईना. अम्मा म्हणाली, आठ दिवसांचा तर प्रश्न, नातू बघते आणि परत येते. ती आली, आणि पाठोपाठ कोरोनाची दुसरी लाट आली. मध्य प्रदेशच्या बसगाड्या बंद झाल्या, आणि आठ दिवसांची पाहुणी आमच्याकडे अडकली.

आणि नेमकी त्याच महिन्यात हरेशची नागरिकत्वाची फाईल शेवटच्या टेबलावर पोचली होती. इतकी वर्षं हेलपाटे घातल्यावर साहेबांनी सांगितलं होतं, आता फक्त शपथ राहिली, फोन येईल. त्या फोनची वाट बघत हरेश मोबाईल आंघोळीलासुद्धा आत न्यायचा. घरात विनापरवाना माणूस ठेवल्याचं कुणी कळवलं असतं तर ती फाईल पुन्हा तळाला गेली असती, कदाचित कायमची. त्याचा व्हिसासुद्धा धोक्यात आला असता. हे अम्माला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून तर ती मोरीत बसली होती.

लस द्यायला आम्ही तिला एकदा घेऊन गेलो होतो. भिंतीवर लिहिलं होतं, पासपोर्ट चालेल. खिडकीतल्या माणसाने अम्माचा हिरवा पासपोर्ट उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि बाजूच्याला म्हणाला, "अरे, सरांना बोलाव जरा." सर येईपर्यंत आम्ही रिक्षात होतो. पासपोर्ट मात्र हरेशने त्याच्या हातातून ओढून घेतला होता, नाहीतर तोही तिथेच राहिला असता.

त्यानंतर आठवडाभरात अम्माला ताप आला.

पाडव्याच्या दिवशी सकाळी आई-बाबा आले. आईच्या पिशवीत बाळासाठी साखरेची गाठी होती. हरेशच्या घरात त्याच दिवशी चेटीचंड असतो, एरवी गोड भात आणि झुलेलालची पूजा असायची. त्या दिवशी चूल पेटवायची कुणाला शुद्ध नव्हती. आई सरळ आतल्या खोलीत गेली. अम्मा तीन उशांवर टेकून बसली होती, कारण आडवं झालं की जीव घुसमटत होता. आईने ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला, आकडा बघितला आणि बाहेर येऊन माझ्यावरच ओरडली.

"हे माणूस मरून राहिलं अन् तुम्ही काय बसून राहिले बे?"

"दवाखान्यात नेलं की आधार मागतात आई. परदेशी पेशंट असला तर दवाखान्याले पोलिसांत कळवाच लागते. मग सगळंच संपलं."

"सगळं म्हणजे काय संपलं?"

हरेश कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "अम्मा नको म्हणून राहिली. ती म्हणते, शपथ होऊ दे, मग नेजो."

"तोपर्यंत वाचन का ते?"

आतून अम्माच्या श्वासाचा आवाज येत होता. आईने पदराने कपाळ पुसलं, पिशवीतून पाकीट काढलं आणि तिचं आधार कार्ड आणि रेशन कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"हे ने. योजनेतला बेड भेटते यावर, फुकट. नाव सांग पंचफुला डोमाजी हटवार."

"अन् फोटो?" मी म्हणाले.

"फोटो पाय त्यातला. मी तरी दिसतो का त्यात? यमाची मावशी दिसतो."

खरं होतं. आधारवरच्या फोटोवरून माणूस ओळखायचं ठरवलं तर अर्धा देश उपरा ठरेल. आई आणि अम्मा दोघी एका वयाच्या, एका बांध्याच्या, सावळ्या. वरून मास्क.

"पकडल्या गेलो तर?" हरेश म्हणाला.

"माहं नाव काय कोणी खाऊन टाकते? चार दिवस वापरा अन् वापस आणून द्या."

बाबांनी नेहमीप्रमाणे विरोध केला आणि नेहमीप्रमाणे फोन लावला. त्यांच्या जुन्या ओळखीचा एक माणूस एका खाजगी दवाखान्यात होता. एक बेड संध्याकाळपर्यंत रिकामा होईल म्हणाला. कसा रिकामा होईल हे आम्ही विचारलं नाही.

मग मी माझी पार्लरची पेटी उघडली. नवऱ्या सजवायचा माझा धंदा. सावळ्या मुलीला गोरी करणं, रडवेलीला हसरी करणं, हे मी हसतखेळत करते. त्या दिवशी सासूची आई करायची होती. अम्माला मी आईचं नऊवारी नव्हे, पण साधं सुती पाचवारी नेसवलं. केसांचा मधला भांग पाडून अंबाडा घातला. मग कुंकवाची डबी उघडली तेव्हा अम्माने माझं मनगट धरलं.

अम्मा सिंधीच बोलायची, ते समजण्याइतकं मी शिकले होते; मुलीला धी म्हणतात, मुलाला पुट. ती म्हणाली, "हे नको गं धी. त्यांच्यामागे मी लाल रंग कधी लावला नाही."

"फोटोत आहे अम्मा. एवढं मोठं आहे."

ती आईकडे बघत राहिली. आईला सिंधीचं अक्षर कळत नव्हतं, पण हे कळलं. आई तिच्या पलंगावर बसली, मास्क-बिस्क काही न लावता. स्वतःच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं.

बाबा दारातून किंचाळलेच. "अवो, माणूस जिवंत आहे इथं! गळ्यातलं काय काढते?"

"तुम्ही काय त्या मण्यांनं जिवंत हाय का? दोन वेळा भाकर खाता म्हणून हाय," आई म्हणाली आणि अम्माच्या कपाळावर आपल्या अंगठ्याने कुंकू लावलं. "इहीणबाई, म्हणा बरं. पंचफुला."

"पंजफुला," अम्मा म्हणाली.

"चालते. जास्त बोलूच नका. कोणी विचारलं, कशी आहे, तर म्हणा, बरी आहे. म्हणा."

"बरी आहे," अम्मा म्हणाली. आई हसली. मला हसू आलं नाही. आईच्या मोकळ्या गळ्याकडे मला बघवत नव्हतं, आणि अम्माच्या भरलेल्या गळ्याकडेही.

दवाखान्यात सगळं इतकं सोपं झालं की मला त्याचीच भीती वाटली. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता नाव विचारलं, कार्डाची झेरॉक्स घेतली, मला "नातं?" म्हणाला. मी म्हणाले, मुलगी. अम्माला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. दारापाशी तिने मागे वळून हरेशकडे पाहिलं, काही बोलली नाही. हरेशही बोलला नाही. आजूबाजूला माणसं होती, आणि सिंधीत बोललो तर लोक माना वळवतात.

पहिले दोन दिवस सिस्टरचा फोन आला की सांगायची, स्टेबल आहेत. हा शब्द आम्ही प्रसादासारखा वाटून घेत होतो. आई मात्र घरी गेली नव्हती. अम्माच्या जवळ बसली होती म्हणून तिला आम्ही वेगळ्या खोलीत ठेवलं. तिला काही झालं नाही. खिडकीतून बाळाशी बोलत बसायची.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने विचारलं, "ताई, तुमची आई भ्रमात वेगळ्याच भाषेत बोलून राहिली. गुजराती आहे का तुम्ही?"

"नाही हो. तिचं बालपण सिंधी कॉलनीत गेलं. ताप आला की होते तिला तसं."

"अच्छा. हरीस, हरीस करतात. कोण आहे?"

"हरी," मी म्हणाले. "हरी-हरी करते. माळकरी आहे ती."

खोटं बोलायला मला इतकं जमेल हे मला ठाऊक नव्हतं. फोन ठेवला तर हरेश भिंतीला टेकून खाली बसला होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने आपणहून व्हिडिओ कॉल लावला. भली बाई होती. पडद्यावर अम्माचा चेहरा आला, ऑक्सिजनच्या मास्कमागे. कुंकू पसरून भुवईपर्यंत आलं होतं. मी मोठ्याने म्हणाले, "आई, कशी आहेस गं? आम्ही सगळे ठीक आहोत." सिस्टर फोन धरून बाजूलाच उभी होती, तिची निळी बाही दिसत होती.

मग मी मोबाईल हरेशकडे वळवला. त्याला काय बोलायचं ते आम्ही ठरवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आई, कशा आहात तुम्ही? जेवण घेतलं का?"

स्वतःच्या आईला तो अहो-जाहो करत होता, तिला न येणाऱ्या भाषेत. अम्मा त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही 'पुट' म्हणून हाक मारते आणि सगळं उघडं पडतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटत होतं, मारू दे. तिने मास्क जरासा बाजूला केला.

"बरी आहे," अम्मा म्हणाली.

आणि डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, "बघा, किती स्पष्ट बोलल्या आज."

दवाखान्यातून पुढचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे ओसरीत होतो, आईसुद्धा, लांब खुर्ची टाकून. फोन स्पीकरवर होता. पुरुषाचा आवाज होता. "पंचफुला हटवार यांचे नातेवाईक का? सॉरी, पेशंट एक्स्पायर झाल्या. वय एकसष्ट, बरोबर ना? बॉडी घरी भेटणार नाही. एकदोन जणांनी घाटावर या."

आईने स्वतःच्या मरणाची बातमी बसल्या जागी ऐकली. तिचा हात गळ्याशी गेला, तिथे काही नव्हतं. मग ती हरेशचं नाव घेत मोठ्याने रडायला लागली. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. शेजारी ऐकत होते. जिची बातमी आली तीच रडते आहे, हे कुणाला काय सांगणार होतो?

घाटावर बाबांनी सही केली. नातं, पती. हरेश त्यांच्या मागे पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात उभा होता, मी कुंपणाबाहेर. गाडीतून एकामागून एक पिशव्या उतरत होत्या, प्रत्येकीवर पट्टी चिकटवलेली. एका पट्टीवरचं नाव वाचून घाटावरच्या माणसाने बाबांना हाक मारली.

हरेश पुढे झाला. "भाऊ, एकदा चेहरा दाखवता का? एकदाच."

"नाही उघडत. नियम आहे. तुम्ही कोण?"

"जावई."

"मुलगा नाही का बाईंना?"

मला कुंपणाच्या जाळीतून हरेशची फक्त पाठ दिसत होती. त्याने मान पिशवीकडे वळवली. मग म्हणाला, "नाही."

"मग हे बाबाच देतील अग्नी. तुम्ही मागे व्हा." त्या माणसाने बाबांच्या हातात पेटती काडी दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाग्यवान बाई हो. तुमच्या आधी गेली. अहेव गेली."

बाबा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. त्यांनी अग्नी दिला. दुसऱ्याच्या आईला, आपल्या बायकोच्या नावाने. परत येताना ते गाडीत एवढंच म्हणाले, "मला दोन दिवस जेवायला वाढू नका."

आता दिलीपचं सांगते, कारण खरी चूक तिथे झाली.

हरेशच्या माणसांत फोनवर खरं बोलायची पद्धतच नाही. तिकडे घोटकीला मामा-मावश्या आहेत. कुणी मेलं, कुणाचं दुकान जाळलं, कुणाची पोरगी उचलून नेली, तरी फोनवर एकच वाक्य, सगळी खैर आहे. खरी बातमी माणूस येऊन सांगतो, किंवा सांगतच नाही. फोन कुणीतरी ऐकतं, हे त्यांच्या हाडात बसलं आहे. म्हणून अम्मा आजारी पडल्याचं हरेशने दिलीपला सांगितलं नव्हतं. तो फोन करायचा आणि हा म्हणायचा, झोपली आहे, आंघोळीला गेली आहे, खैर आहे. गाड्या सुरू झाल्या की इंदूरला जाऊन, समोर बसून, हातात हात घेऊन सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

घाटावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिलीपचा फोन आला. घाबराघुबरा. मी शेजारीच होते, सगळं ऐकू येत होतं.

"पोलीस येऊन गेले. व्हिसाची मुदत वाढवायची आहे, अम्माला समोर उभी करा म्हणतात. मी म्हणालो, देवळात गेली आहे. तू तिला आत्ताच्या आत्ता काढून दे."

"गाड्या बंद आहेत भाऊ."

"बंद-बिंद काही नाही. लोक राज्याच्या सीमेपर्यंत जीपने येतात, चालत पलीकडे जातात, तिकडून बस धरतात. काढून दे म्हणतो ना! इथे माझ्या घराला कुलूप लागेल."

हरेशने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने सांगत होते, सांगून टाक, आत्ता सांगून टाक. त्याने पाठ फिरवली.

"पाठवली," तो म्हणाला. "आज सकाळीच पाठवली. जीपमध्ये बसवून दिली."

"देव भलं करो तुझं," दिलीप म्हणाला आणि फोन ठेवला.

"हे काय केलं तू?" मी म्हणाले.

"दोन दिवस मिळाले यार. दोन दिवसांत मी कसाही जाऊन पोचतो इंदूरला. त्याला समोर सांगतो, मग काय ते दोघं मिळून ठरवू."

त्याने खरंच प्रयत्न केला. परवानगी नसताना संत्र्यांच्या ट्रकमध्ये बसला. सीमेवर अडवलं, कागद मागितले, घरी राहिले म्हणाला म्हणून दिवसभर बसवून ठेवलं आणि ट्रकवाल्याच्या हातापाया पडून तो कसाबसा परत आला. इकडे अम्मा पोचली नाही म्हणून दिलीप वेडापिसा झाला होता. दिलीप साधा माणूस. त्याला वाटलं, आई सीमेवर कुठे तरी चक्कर येऊन पडली असेल. आता लपवून काय उपयोग, असं म्हणून तो स्वतः पोलिसांकडे गेला आणि सगळं खरं सांगून आला. आई परवानगीशिवाय नागपूरला गेली होती, धाकट्याने जीपमध्ये बसवून दिली, ती आली नाही, तिला शोधा.

आठवडाभरात नागपूरचे पोलीस आमच्या ओसरीत होते. साहेब वयस्क होते, सभ्य होते. पाणी मागून प्यायले.

"कुठून बसवलं जीपमध्ये?"

हरेशने चौकाचं नाव सांगितलं.

"जीपचा नंबर?"

"नाही पाहिला साहेब."

"कपडे काय होते आईच्या अंगावर?"

हरेशने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी मान वर केली. मी दारात बाळाला घेऊन उभी होते. मीच म्हणाले, "पिवळा सलवार-कमीज." तो माझ्या कपाटात घडी करून ठेवलेला होता.

"परवानगी नव्हती हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो साहेब."

"फाईलला डाग लागला तुमच्या," साहेब म्हणाले. त्यात राग नव्हता, पावसाचा अंदाज सांगावा तसे म्हणाले. "बघू. पण आई सापडली तर लगेच कळवायचं. आणि सापडेपर्यंत आम्ही विचारत राहणार."

त्यांनी लिहून घेतलेल्या जबाबावर हरेशने सही केली. त्यानंतर तोंड उघडायचं म्हणजे पोलिसांशी खोटं बोलल्याचा गुन्हा, आणि पाठोपाठ आई-बाबांवर दुसऱ्याच्या नावाने योजना लाटल्याचा. माझी आई साठीनंतर तुरुंगात गेली असती, आणि तीसुद्धा कुणाचा तरी जीव वाचवायला गेली म्हणून. मी खोटं पुसून टाकायचं रोज ठरवत होते आणि रोज बाळाला आंघोळ घालून झोपवत होते.

आई आता उमरेडजवळ तिच्या माहेरच्या गावी राहते. रेशन कार्डावरून नाव कापलं गेलं. लस तिला मिळाली नाही, सरकारी दवाखान्याच्या पायरीवर ती चढत नाही. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, ते बाबांनी एकदा तिला गमतीने ऐकवलं. ती त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. दवाखान्याने प्लास्टिकच्या पुडीत परत दिलेलं मंगळसूत्र तिने पुन्हा घातलं नाही. नवं करा म्हणाली.

हरेशची फाईल दीड वर्ष अडकली, मग सुटली. शपथेच्या दिवशी त्याने नवा शर्ट घातला. त्याच्या समाजातल्या लोकांनी हार घातले, फोटो काढले, कुणी तरी म्हणालं, आज तुझी आई पाहिजे होती. तो हसून हो म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही.

मी म्हणाले, "आता तरी दिलीपभाऊंना सांग. आता तुला कोण काढणार देशातून?"

"दिलीपची फाईल अजून बाकी आहे. अन् तुझ्या आईचं काय?"

"तो पोलिसांत जाणार नाही. फक्त भावाला सांग."

"दीड वर्ष ज्याला दारोदार फिरवलं, त्याला आता काय तोंडानं सांगू?"

दिलीप खरोखर दारोदार फिरत होता. प्रत्येक सुट्टीत तो परवानगी काढून कुठे तरी जायचा. बैतूल, मुलताई, होशंगाबाद. रेल्वे स्टेशनं, वृद्धाश्रम, मनोरुग्णालयं. अम्माचा फोटो त्याने मोठा करून घेतला होता. कुणी म्हणालं अशी बाई पाहिली, की हरेशला फोन करायचा, आणि हरेश जायचा. दुकानातून रजा काढून, मुकाट्याने. मला वाटायचं, भावाची समजूत म्हणून जातो. पाप फेडतो बिचारा, असंही वाटायचं.

याला आता चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात उज्जैनचा फोन आला. निराधार बायकांचा एक आश्रम आहे, तिथे कुणी सिंधी बोलणारी म्हातारी आहे, स्वतःचं नाव सांगत नाही. हरेश दोन दिवस जाऊन आला. दारात येऊन बूट काढत होता तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"नव्हती. तिकडच्या शिकारपूरची होती कोणी."

"दिलीपभाऊ?"

"रडला. पंगत बसली होती बायकांची. तो एका बाजूनं बघत गेला, मी दुसऱ्या बाजूनं."

मला राग आला. इतक्या दिवसांचा राग होता तो. "तू कशाला बघत गेला? तू काय शोधून राहिला होता तिथं? तुला ठाऊक नाही का?"

तो बुटाची नाडी हातात धरून तसाच बसून राहिला.

"पंगतीतला एकेक चेहरा बघितला मी," तो म्हणाला. "खाली वाकून. पदर होता तोंडावर तर बाजूला करून."

"हरेश, आपण घाटावर गेलो होतो."

"मी पिशवी पाहिली ज्योत्स्ना. त्यावर तुझ्या आईचं नाव होतं. तुझी आई जिवंत आहे." तो हे अगदी शांतपणे, हिशोब जुळवावा तसं बोलला. "मग आतमध्ये कोण होतं, कोणी पाहिलं? त्या दिवसांत किती पिशव्यांची अदलाबदल झाली, पेपरात येत नव्हतं का? पट्टी चुकीची होती हे तर आपल्यालाच ठाऊक आहे."

आतून मुलगा "पप्पा" करत धावत आला आणि त्याच्या गळ्यात पडला. हरेशने त्याला उचललं, पापा घेतला, पुन्हा पूर्वीसारखाच वागायला लागला.

पुढच्या आठवड्यात ते दोघे भाऊ नाशिकला जाणार आहेत. तिथेही कुणी तरी दिसली आहे म्हणे. दिलीपने परवानगी काढली, तो आधी इथे येणार, मग दोघं नागपूरहूनच जाणार-येणार. हरेशला आता परवानगी लागत नाही, त्याने काल संध्याकाळी मोबाईलवर रेल्वेची तिकिटं काढली. तो आंघोळीला गेला तेव्हा मी सहज पाहिलं. जातानाची दोन आहेत आणि येतानाची तीन.